साल्वर घाई करत नाही

दुंबुंगुर या आमच्या गावच्या बँडबद्दल परदेशात जे काही छापून येतं ते मी सगळं वाचते, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. म्हणे त्यांच्या संगीतात हिमनद्या सरकतात. ज्वालामुखी झोपेत कूस बदलतो. अहो, आमच्या काल्दाविकच्या खाडीतून हिमनदी दिसत नाही. ज्वालामुखी बघायचा तर सकाळी गाडी काढावी लागते आणि पोचेपर्यंत जेवणाची वेळ होते. आमच्याकडे आहे ते धुकं, मासे गोठवायचा कारखाना, एक गरम पाण्याचा तरणतलाव आणि डोंगराला पाठ लावून उभं असलेलं पत्र्याचं चर्च. त्या चर्चमध्ये साल्वर बसते. दुंबुंगुरचा जो आवाज ऐकून तिकडे बर्लिनमध्ये माणसं डोळे मिटून उभी राहतात, तो साल्वरच्या पायांतून निघालेला आहे. तोंडाने सांगून सांगून मी थकले, म्हणून आता लिहून टाकते.

साल्वर सतरा वर्षांची असताना आधीची पेटीवाली बाई लेकीकडे राजधानीत राहायला गेली आणि चर्चची पायपेटी साल्वरकडे आली. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि हातांनी वाजवायचं, अशी ती जुनी पेटी. पहिल्याच रविवारी साल्वरने पहिला सूर धरला, आणि तो सोडेचना. लोकांना वाटलं पोरगी घाबरली. दुसऱ्या रविवारी वाटलं, पेटीत काही अडकलंय. तिसऱ्या रविवारी कळलं की हे असंच असणार आहे. साल्वर एक कडवं वाजवते तेवढ्यात दुसऱ्या गावात अख्खं गीत संपतं. तिने सुरुवात केली तेव्हा जन्मलेलं कोकरू आमेनपर्यंत मेंढी होतं, असं आमचा माग्नी म्हणायचा. माग्नी म्हणजे मासेमारीच्या ट्रॉलरवरचा निवृत्त इंजिनियर. आमच्या गायकवृंदात तो खालच्या पट्टीत गातो आणि वरच्या पट्टीत कुरकुरतो.

कुरकुर आम्ही सगळ्यांनीच केली. पण गायचं तर होतंच, आणि एवढा लांब सूर एका दमात कुणाच्या बापाला झेपणार? मग आपोआप एक रीत पडली. शेजारणीने श्वास घेतला की मी धरायचं, मी घेतला की माग्नीने. कुणी कुणाला हे शिकवलं नाही. आम्ही दहा-बारा माणसं होतो, निम्मी मासे कापणारी, निम्मी मासे पकडणारी. पण सूर एकदा सुरू झाला की तो मध्ये तुटायचा नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की आत कुणी श्वासच घेत नाही.

शब्दांचं मात्र काही खरं नव्हतं. एक शब्द एवढा ताणला जायचा की त्याच्या शेपटाशी पोचेपर्यंत डोकं कुठे होतं ते विसरायला व्हायचं. उरायचे फक्त आ, ऊ आणि ई. दुंबुंगुर कुठल्या गूढ भाषेत गातात यावर एका विद्वानाने लांबलचक लेख लिहिलाय. ती गूढ भाषा म्हणजे आमची रविवारची गीतं आहेत, साल्वरने ताणलेली.

कारण त्या बँडमधली चारही पोरं याच चर्चमध्ये वाढली. गाणारा इलुगी तर साल्वरच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आया त्यांना कान धरून आणायच्या, मग ती वरच्या माळ्यावर फळ्यांवर आडवी पडायची आणि पेटीचा सूर फळ्यांतून त्यांच्या बरगड्यांत शिरायचा. पुढे मोठी होऊन त्यांनी जाळ्यांच्या शेडमध्ये गिटार, ढोल आणि विजेचे कसलेकसले डबे आणून मांडले. इलुगी गिटार छेडत नाही, तिच्यावर सारंगीसारखा गज ओढतो. छेडलेला सूर लगेच मरतो आणि त्याला न मरणारा सूर हवा होता. न मरणारा सूर त्याने कुठे ऐकला, ते सांगायला विद्वान लागत नाही.

गावाच्या हिवाळी जेवणाला त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. लोकांच्या ताटात मटण निवत होतं आणि त्यांचं पहिलंच गाणं संपेना. माग्नी मध्येच उठून बाहेर जाऊन पाइप ओढून आला, तरी तोच सूर चालू.

"हे तर साल्वरचं चौथं कडवं आहे," तो मोठ्याने म्हणाला.

सगळा हॉल हसला. इलुगी कानापर्यंत लाल झाला, पण थांबला नाही. शेवटी ढोल असा काही उसळला की टेबलावरचे पेले थरथरले, आणि हसणारी तोंडं मिटली. मी साल्वरकडे बघितलं. ती पाठ ताठ करून बसली होती.

"काय गं, कसं वाटलं?" मी विचारलं.

"गोंगाट फार आहे," ती म्हणाली. "पण पोरांनी घाई नाही केली." इलुगीला मिळालेलं तेवढंच प्रशस्तिपत्र. त्याने ते अजून जपून ठेवलंय असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, साल्वरला सावकाशच जमत असेल. इथेच सगळे फसतात. कारखान्यात वीसेक वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले आहे. खालून उजेड येणाऱ्या टेबलावर कॉड माशाचा तुकडा ठेवायचा, त्यातले किडे सुरीच्या टोकाने काढायचे, काटे काढायचे, पुढे सरकवायचा. जितका जास्त माल तितका जास्त बोनस, आणि मुकादम घड्याळ घेऊन मागे उभा. त्या टेबलावर साल्वरसारखी सुरी कुणाची चालली नाही. तिचे हात दिसायचे नाहीत, पुढे सरकणारे मासे तेवढे दिसायचे. सोमवार ते शुक्रवार ती गावातली सगळ्यात वेगवान बाई होती आणि रविवारी सगळ्यात सावकाश.

बँडचं नाव झाल्यावर परदेशी पत्रकार यायला लागले. त्यातल्या एकाला इलुगीने कबूल केलं की खरा आवाज माझ्या मावशीचा. झालं, स्वारी साल्वरच्या स्वयंपाकघरात हजर. तिने साखर घालून गुंडाळलेली धिरडी त्याच्यापुढे ठेवली. दुभाषी म्हणून मी होते. त्याने आधी समुद्राबद्दल विचारलं, मग काळोखाबद्दल. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे वडील बुडाले होते का?"

"नाही," साल्वर म्हणाली. "अंथरुणात गेले. तोंडात कॉफीत बुडवलेला साखरेचा खडा होता."

"मग कुठलं तरी दुःख असेल. एवढं संथ वाजवण्यामागे काहीतरी कारण असणारच."

"मला आवडतं."

मी भाषांतर केलं. तो वाट बघत राहिला. त्याला वाटलं अजून काही येईल.

"त्याला सांग, एवढंच आहे," साल्वर म्हणाली. "आणि म्हणावं, धिरडं खा, गार होतंय."

त्याने लेखात लिहिलं की ही म्हातारी आपलं दुःख हिमनदीच्या पोटात लपवून बसली आहे. साल्वरने तो अंक माशांच्या डोक्यांखाली पसरला.

असं सगळं चाललं असताना उल्फार आमच्या चर्चचा पाळक म्हणून आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तरुण होता, बायको आणि जुळी मुलं होती, आणि तीन गावांची तीन चर्चं त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती. आमची उपासना आटपून त्याला घाट चढून पलीकडच्या गावात जायचं असायचं. साल्वरची गीतं संपेपर्यंत घाटात धुकं उतरायचं, हिवाळ्यात बर्फ. दोनदा तो पलीकडे पोचला तेव्हा लोक घरी निघून गेले होते.

मी तेव्हा कारखाना सोडून तरणतलावावर काम करत होते. एका संध्याकाळी तो गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसला होता आणि मी काठ घासत होते. गावाचे सगळे निर्णय याच पाण्यात होतात.

"गेर्डा," तो म्हणाला, "तू तिची मैत्रीण आहेस. तूच समजाव ना."

"पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्याआधी चार पाळक येऊन गेले. सगळ्यांनी समजावलं."

"मग?"

"मग ते गेले. ती आहे."

त्याने तोंडावर पाणी मारलं. सॅल्मन माशांच्या कंपनीने चर्चला विजेवरचा नवा ऑर्गन देऊ केलाय, असं त्याने मला सांगितलं. त्यात सगळी गीतं भरलेली असतात. आकडा दाबला की स्वतःच वाजतो, नेमक्या वेगात. चर्चच्या समितीने होकारही दिला होता. "साल्वरलाही आराम," तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

"हे तिला तू स्वतः सांग," मी म्हणाले. "आणि सांगताना तिच्या हातात सुरी नाही ना, ते बघून घे."

तो गेला तिच्याकडे. मी मुद्दाम त्याच वेळी कॉफीला गेले होते, खोटं कशाला बोलू. उल्फारने नीट, प्रेमाने मांडलं. वेग वाढवलास तर तूच वाजव, मला आनंद आहे. नाही तर खलाशांच्या सणाच्या रविवारपासून नवा ऑर्गन. पायपेटी जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवू, बाजूला तुझं नावही लावू.

साल्वरने त्याच्या कपात कॉफी ओतली.

"घाई करायचे मला कारखान्यात पैसे मिळायचे, उल्फार," ती म्हणाली. "चर्चमध्ये मी फुकट वाजवते. फुकटात घाई होणार नाही."

"मग पैसे—"

"विकतही नाही मिळायची. ती घाई कारखान्यातच संपली."

उल्फारने माझ्याकडे बघितलं. मी धिरड्याकडे बघितलं. तो गेल्यावर साल्वरने कप गोळा केले. सतरा वर्षांची असल्यापासून तिचा एकही रविवार त्या पेटीवाचून गेला नव्हता. लग्न तिने केलं नाही, गाव कधी सोडलं नाही. ती पेटी गेली तर तिच्याजवळ काय उरणार होतं, हे मला दिसत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "रडायचं असेल तर घरी जा, मला भांडी घासायची आहेत."

इलुगीला बातमी कळली तसा तो दौरा मध्येच टाकून आला.

"मावशी, मी एक शब्द लिहिला ना, तर जगभरातून पत्रं येतील त्या समितीला. लाखो माणसं ऐकतात आम्हाला."

"मग त्यांना ऐकू दे. पण पत्र एकही येता कामा नये."

"पण का?"

"उद्या ते ऐकायचे थांबले, तर मी काय करायचं? भरभर वाजवायचं?"

हजारो लोकांसमोर उभा राहणारा पोरगा, पण मावशीपुढे त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही.

खलाशांचा रविवार उजाडला. बंदरात सगळ्या बोटींवर झेंडे लागले, धक्क्यावर वल्हवायच्या शर्यतींची तयारी चालू होती. या दिवशी उपासनेत समुद्रात बुडालेल्यांची नावं वाचतात. आमच्या गावात ती पुष्कळ आहेत. आदल्या वर्षी उल्फारने ती इतकी झरझर वाचली होती की मी नाक शिंकरेपर्यंत माझ्या भावाचं नाव निघून गेलं. त्याचा दोष नाही, घाटात धुकं होतं. पण मला ते लागलं होतं, आणि वर्षभर लागून राहिलं होतं.

चर्चमध्ये आलो तर साल्वरच्या जागी काळा चकचकीत ऑर्गन. पायपेटी दाराजवळच्या कोट टांगायच्या खोलीत, घोंगडी पांघरून, संग्रहालयाच्या ट्रकची वाट बघत उभी. साल्वर आली, घोंगडीकडे न बघता आत गेली आणि शेवटच्या बाकावर दाराशी बसली. तिथे ती जन्मात कधी बसली नव्हती.

उल्फारने आकडा दाबला. ऑर्गनने छान सुरुवात केली, अगदी घड्याळासारखी. आम्ही तोंड उघडलं.

आता कुणी काही म्हणो, त्या क्षणी आमच्या मनात बंड वगैरे काही नव्हतं. आम्हाला दुसरं येतच नव्हतं. आम्ही पहिला सूर धरला, शेजारणीने श्वास घेतला, मी धरला, मी घेतला, माग्नीने धरला, आणि तोवर ऑर्गन दुसऱ्या ओळीवर पोचला होता. पकडायला जावं तर तो तिसऱ्या ओळीवर. उल्फार हाताने चला, चला करत होता. माग्नीने माझ्याकडे बघितलं. त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर साल्वरच्या नावाने बोटं मोडली होती. त्याने छाती भरून घेतली आणि होता त्याहून सूर लांबवला. तिथून पुढे मात्र ते बंड होतं, मी मान्य करते.

ऑर्गन एकटाच चारही कडवी धावत गेला, शेवटचा सूर देऊन खट्कन बंद झाला. आम्ही पहिल्याच कडव्यात होतो. खाली आधार नाही, सगळं चर्च आमच्याकडे बघतंय, आणि मला कळत होतं की सूर आता उतरणार. शेजारणीचा आवाज कापायला लागला होता.

तेवढ्यात दाराकडून पेटीचा सूर आला.

शेवटचं बाक रिकामं होतं. कोटांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत घोंगडी जमिनीवर पडली होती. पायपेटीचा सूर ऑर्गनच्या सुरापेक्षा केसभर खाली आहे. आम्ही सगळे मिळून तेवढं खाली सरकलो, आणि ते सरकणं पोटात जाणवलं, लिफ्ट सुटल्यासारखं. दुंबुंगुरची माणसं एवढ्यासाठी ट्रकभर यंत्रं घेऊन फिरतात. सगळं गाव बाकांवरून उठलं आणि दाराकडे वळलं. वेदीकडे पाठ करून आम्ही दाराकडे तोंड करून गात होतो.

हातात नावांचा कागद घेऊन उल्फार मधल्या वाटेने चालत गेला. त्याच्या मानेवर लाल डाग उठले होते. दाराशी इलुगी उभा होता, पुढचं बोलणं त्याच्याकडून कळलं.

"साल्वर, पुरे," उल्फार म्हणाला.

"कडवी चार आहेत," ती म्हणाली. पाय चालूच.

"पलीकडच्या गावात लोक थांबलेत."

"थांबू दे. त्यांचेही बुडालेत, त्यांना थांबायची सवय आहे."

उल्फार दारात उभा राहिला. दुसरं कडवं संपलं. नावं याच जागी वाचायची असतात. साल्वरने हात उचलले नाहीत, खालचा एक सूर धरून ठेवला, आणि आम्ही ओठ मिटून तोच गुणगुणत राहिलो. उल्फारने कागद वर धरला आणि पहिलं नाव वाचलं. दुसरं त्याला लगेच वाचता येईना. प्रयत्न केला त्याने, पण त्या सुरावर घाईने टाकलेलं नाव खोटं वाटत होतं, आणि ते त्यालाही ऐकू आलं. तो थांबला. मग दुसरं वाचलं. परत थांबला. दोन नावांच्या मधे एखाद्याचं तोंड आठवायला पुरेल एवढी जागा होती.

माझ्या भावाचं नाव आलं तेव्हा मी श्वास घेत होते. नाव माझ्या आत गेलं आणि तिथे राहिलं. शेजारीण माझा सूर धरून उभी होती, मी परत येईपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्याच्यासाठी कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले, आणि सूर तुटला नाही.

चौथं कडवं संपलं तेव्हा कुठे साल्वरचे पाय थांबले. पलीकडच्या गावाहून उल्फारला दोनदा फोन येऊन गेला होता. लोक बाहेर पडेनात. घामाघूम उल्फार पेटीजवळ आला, सगळे ऐकताहेत हे माहीत असूनही म्हणाला, "पुढच्या रविवारी तरी, साल्वर, अगदी थोडंसं—"

"पुढच्या रविवारी याहून सावकाश," साल्वर म्हणाली. "आज तुम्ही सगळ्यांनी घाई केलीत."

कुणी हसलं नाही. उल्फारने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, अंगातला झगा काढून खुंटीला टांगला आणि पेटीचं एक टोक धरलं. दुसरं इलुगीने धरलं. दोघांनी ती उचलून आत नेली.